मदत हवी आहे: बजरीच्या पिल्लांचं सॉफ्ट फूड दोन तासांत आंबतंय

बोरिवलीची_बाल्कनी
बजरींची एक जोडी आहे (दुकानात ज्यांना सरसकट 'लव्हबर्ड' म्हणतात ते छोटे पोपट). मडक्यात चार पिल्लं, मोठं 12 दिवसांचं. सध्या देतेय ते असं: एक उकडलेलं अंडं, दुधात भिजवलेला पाव, किसलेलं गाजर, मोड आलेले मूग, वर चमचाभर मध. सकाळी सातला ठेवलं की नऊपर्यंत आंबूस वास. मडक्यातली शी पातळ झालीय, पिल्लांच्या बोटांना चिकटून वाळते. प्रमाण चुकतंय की साहित्य? अंडं कवचासकट घालायचं का?

खोप्यातला
दूध आणि मध आजपासून बंद. दुधातली साखर पक्ष्यांना पचत नाही, त्याने शी पातळ होते. ओलसर खाण्यात मध पडला की ते आणखी लवकर आंबतं. बाकी साहित्य ठीक आहे, घोळ सगळा पाण्याचा आहे.

पाव भिजवायचाच नाही. कालचा ब्राऊन ब्रेड मंद आचेवर तव्यावर कुरकुरीत करा, गार झाला की मिक्सरमधून रव्याइतका जाड काढा. गरम असताना डब्यात भराल तर आतच घाम धरेल.

एका अंड्याला:
ब्रेडचा चुरा 4 मोठे चमचे
गाजर 1 मोठा चमचा, किसून मुठीत घट्ट पिळलेलं
मूग 1 मोठा चमचा, फडक्यावर पसरून वरचं पाणी सुकवलेले
मीठ, साखर, तेल काही नाही

अंडं उकळी फुटल्यापासून 12 मिनिटं उकडा, पूर्ण गार करून बारीक किसणीवर किसा. हाताने कुस्करलं की बलकाचे गोळे राहतात, मादी तेवढेच वेचते आणि बाकीचं उधळते.

मग मूठभर मिश्रण दाबून बघा. लाडू वळला पाहिजे आणि अंगठा लावताच भुगा झाला पाहिजे. तळव्याला ओल लागली तर आणखी चमचाभर चुरा. मे महिन्यात जमलेलं माप जुलैत चिकट होतं ते याचमुळे, चुरा डब्यातच दमट झालेला असतो. पावसाळ्यात वापरण्याआधी पुन्हा तव्यावर फिरवायचा.

चार पिल्लं असताना एका वेळी 2 छोटे चमचे, सकाळी आणि दुपारनंतर. पसरट वाटीत, दीड तासाने उचलायचं, उरलेलं फेकायचं. परत फ्रिजमध्ये नको. न वापरलेलं मिश्रण फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत, त्यापुढे नाही.

राळं_बाजरी
मुगाबद्दल माझं मत वेगळं. जून ते सप्टेंबर मोड बंदच ठेवा. 8 तास भिजवून चाळणीत काढले तरी या दमट हवेत 4-4 तासांनी धुवावे लागतात, आणि कामावर जाणाऱ्याला ते जमत नाही. बोटांत धरून ओढल्यावर तार सुटली किंवा ताज्या कडधान्याचा वास जाऊन ओल्या पोत्याचा आला, तर धुऊन वाचवायला जाऊ नका, टाकून द्या. त्याऐवजी शेवग्याचा पाला किंवा कोथिंबीर, धुऊन, झटकून, वेगळी टांगा. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं.

कवच घालायचं, पण वेगळं उकळून, वाळवून, पूड करून. एका अंड्यामागे पाव छोटा चमचा बस. पिंजऱ्यात समुद्रफेस (चोचीने कुरतडायचं कॅल्शियमचं पांढरं हाड) टांगलेला हवाच. नुसतं कॅल्शियम देऊन भागत नाही, ते अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं. काचेआडचं ऊन त्या कामाचं नाही. खिडकी उघडून 15-20 मिनिटं कोवळं ऊन, आणि पिंजऱ्याचा अर्धा भाग सावलीत. कमी पडलं की पुढच्या खेपेला अंडं अडकतं. मादी फुगून तळाशी बसली, शेपटी वरखाली हलतेय असं दिसलं तर पोट दाबू नका, उबेत ठेवून थेट डॉक्टर.

खोप्यातला
मोडांबाबत मान्य. पिल्लांकडे वळू. पायाला वाळलेली शी खेचून काढू नका, नखं उपटतात. कोमट पाण्यात कापूस भिजवून मिनिटभर धरा, मऊ झाली की पुसा. त्याच वेळी वरच्या चोचीच्या आतली बाजू बघा. चिकट खाणं तिथे बसून कडक होतं आणि चोच वाकडी वाढते. टूथपिकचं बोथट टोक किंवा ओला कापूस, हळूच. मडक्यातला भुसा रोज बदला.

गळ्याखालची क्रॉपची, म्हणजे खाणं साठवायची पिशवी रात्री टम्म आणि पहाटे रिकामी असायला हवी. सकाळीही फुगलेली, पिठासारखी लागली किंवा आंबट वास आला तर घरगुती उपाय नकोत. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात किंवा पक्षी बघणाऱ्या जवळच्या डॉक्टरकडे न्या.

बोरिवलीची_बाल्कनी
दूध-मध बंद केलं. एक अडचण, मी 8:10 च्या लोकलने निघते ती संध्याकाळी सातला परतते. दुपारनंतरची वाटी कोण उचलणार?

राळं_बाजरी
मग दुपारची वाटी ठेवूच नका. सकाळी साडेसहाला ठेवा, निघताना उचला. दिवसभर राळं-बाजरी, पाला आणि वेगळ्या वाटीत नुसता कोरडा चुरा. आईबाप पाणी पिऊन तेच भरवतात. सातला आल्यावर दुसरी वाटी, पण दिवा निदान तासभर चालू ठेवा. अंधारात मादी खायला बाहेर येत नाही आणि वाटी तशीच राहते. पिल्लं मडक्याबाहेर पडून स्वतः दाणे फोडायला लागली की अंडं आठवड्यातून दोनदा, नाहीतर मादी लगेच पुन्हा अंडी घालायला बसेल.