ताट-वाटी बदलून जेवण कमी झालं का? तुमचे अनुभव लिहा

जेवण कमी करायचं म्हटलं की चर्चा पदार्थांवर होते, भांड्यांवर क्वचितच. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचायला वीसेक मिनिटं जातात. तोवर 'पुरे' म्हणायचं काम डोळ्यांकडे असतं, आणि डोळे भांड्याकडे बघून अंदाज बांधतात. एकाच मापाचं वर्तुळ रुंद कड्यात लहान दिसतं आणि घट्ट कड्यात मोठं, हे देल्बफ या बेल्जियन अभ्यासकाने १८६५ मध्येच मांडलं होतं.

मी १२ इंची ताट सोडून ९ इंची घेतलं. व्यास पाऊणपट झाला, पण जागा जवळजवळ निम्मी, ५६ टक्केच उरली. भरलेलं ताट समोर असल्यामुळे मन कुरकुरत नाही. मात्र दुसऱ्यांदा वाढून घेतलं की सगळं मुसळ केरात. म्हणून पातेली आता ओट्यावरच राहतात, जेवायच्या जागी येत नाहीत. उठून जावं लागलं की खरी भूक आहे का, हे आपोआप कळतं.

तुमच्याकडे काय टिकलं, काय नाही? सविस्तर लिहा.

---

आमच्याकडे लहान ताटलीचा उपयोग झाला नाही. मुलगा तिच्यातच उंच ढीग रचायचा. मग वाढायचा डाव बदलला. किती डाव घ्यायचे याची हाताला सवय असते, डाव केवढा आहे याची नसते. लहान डाव आल्यावर कुणी तक्रार केली नाही.

---

धागा आवडला, पण एक सांगायलाच हवं. या विषयावर सर्वात गाजलेलं नाव ब्रायन वॅन्सिंक या अमेरिकी आहार-संशोधकाचं. वाटी खालून गुपचूप भरत राहिली तर माणसं सूप जास्त पितात, हा त्यांचा २००५ चा प्रयोग सगळीकडे सांगितला जातो. पण २०१८ मध्ये 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय समूहाच्या नियतकालिकांनी त्यांचे सहा शोधनिबंध मागे घेतले. ताटाच्या आकारावरच्या इतरांच्या प्रयोगांचे निष्कर्षही एकमेकांशी जुळत नाहीत. त्यामुळे ताट लहान केलं की झालं, असं मी कुणाला सांगत नाही.

वाढलेल्या प्रमाणाचा पुरावा मात्र भक्कम आहे. पोषण-संशोधक बार्बरा रोल्स यांच्या २००२ च्या प्रयोगात एकाच पदार्थाचे ५०० ते १००० ग्रॅमचे वाढप होते. सर्वात मोठं समोर आलं तेव्हा लोकांनी सर्वात लहान वाढपाच्या तुलनेत ३० टक्के जास्त ऊर्जा पोटात घातली, आणि वाढप बदलत होतं हे निम्म्याहून कमी जणांच्या लक्षात आलं. माझा स्वतःचा भर त्यामुळे यावरच: जेवायला बसण्याआधी वाढून घ्यायचं, मोठ्या पाकिटातून थेट खायचं नाही.

---

गोड पेयांसाठी उंच, निमुळता ग्लास. बुटक्या पसरट ग्लासात ओतताना हात सैल सुटतो.

---

माझ्या बाबतीत भांड्यापेक्षा आठवण महत्त्वाची ठरली. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये गंभीर स्मृतिभ्रंश असलेल्या दोन रुग्णांविषयी लिहिलं. जेवण होऊन काही मिनिटं झाली की त्यांच्यासमोर पुन्हा ताट ठेवलं जाई, आणि ते परत जेवत! तृप्तीत 'आपण जेवलो' या आठवणीचा वाटा केवढा मोठा आहे, हे वाचून मी हादरले. तेव्हापासून पडद्यासमोर जेवण बंद. साली, बिया, रिकामी वेष्टनं लगेच उचलत नाही. किती खाल्लं ते समोर दिसतं.

---

उलट्या बाजूचा अनुभव. वडिलांना अल्झायमर आहे, पांढऱ्या ताटातला फिकट पदार्थ त्यांना नीट दिसायचाच नाही. बॉस्टन विद्यापीठाच्या २००४ च्या अभ्यासात गडद लाल भांडी दिल्यावर अशा रुग्णांचं खाणं २५ टक्क्यांनी आणि पेय पिणं ८४ टक्क्यांनी वाढलं होतं. आम्ही लाल ताट आणलं, आता ते स्वतःच्या हाताने जेवतात. घरात कमी जेवणारं आजारी माणूस असेल तर सगळ्यांची ताटं सरसकट लहान करू नका, त्यांच्यासाठी वेगळा विचार करा.