आईच्या गोळ्या, ॲप आणि कुकरची शिट्टी

प्रश्न (पुणेकर लेक): आई ७२ वर्षांची, साताऱ्यात एकटी राहते. सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन, दोन्ही जेवणांनंतर मेटफॉर्मिन, रात्री कॅल्शियम. शिवाय संधिवातासाठी मेथोट्रेक्झेट, फक्त रविवारी. तिच्या फोनवर गोळ्यांचं ॲप टाकून दिलं. चार दिवस वाजलं, मग मुकंच. आई म्हणते, "यापेक्षा माझा कुकर बरा, शिट्टी तरी देतो." काय करू?

गजरवाला: बॅटरी सेव्हरने ॲप झोपवलं असणार. सेटिंग्जमध्ये त्या ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढा. नाहीतर सरळ घड्याळातला गजर लावा, त्याला नाव देता येतं: 'थायरॉइड, चहाआधी'.

निवृत्त फार्मासिस्ट: मला काळजी वाटते ती रविवारच्या गोळीची. ॲपमध्ये 'रोज' असं पडलं नाही ना, ते आजच बघा. मेथोट्रेक्झेट चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. ती पट्टी इतर गोळ्यांत ठेवूच नका, वेगळी डबी करा. थायरॉक्सिन आणि कॅल्शियममध्ये चार तासांचं अंतर हवं, ते तुमच्याकडे आहेच.

पुणेकर लेक: बघितलं, 'रोज'च होतं! हात गार पडले. आईने मात्र रविवारशिवाय घेतली नव्हती, म्हणाली, "फोन काहीही म्हणेल, डॉक्टरांनी वारासकट लिहून दिलंय." आता घड्याळाचे गजर लावलेत, आणि रविवारी मी स्वतः फोन करते.