मदत हवी आहे: देवळाईहून शेंद्र्याला स्कूटीवर, कुठल्या रस्त्यानं?

नमस्कार मंडळी, संभाजीनगरात बीड बायपासकडं राहणाऱ्यांनी जरा सांगा. लहान बहिणीला शेंद्रा एमआयडीसीत नोकरी लागलीय, राहते देवळाई चौकाजवळ अन् जाणार स्कूटीवर. बायपासनं झाल्टा फाटा, तिथून केंब्रिज चौकातून जालना रोडला लागायचं हे माहितीय, पण येताना अंधार होतो, ट्रक अगदी हँडलला घासून जातात, सर्व्हिस रोडवर राँग साइडनं ट्रॅक्टर समोर येतात, लई काळजी वाटते. सोलापूर-धुळे हायवे डोंगरामागून गेला तरी जड गाड्या कमी वाटत नाहीत. त्यापेक्षा मुकुंदवाडी-चिकलठाण्यावरनं गेलेलं बरं का? आणि फर्स्ट शिफ्टला देवळाईतून थेट सिटी बस मिळते का, की बदलावी लागते? रोज जाणाऱ्या ताईंनी प्लीज सांगा.