मदत हवी आहे: गेममधला गोंधळ कोडचा की कार्ट्रिजचा?

माझ्याकडे कार्ट्रिजवर (कन्सोलमध्ये, म्हणजे गेमयंत्रात खोचायच्या डबीवर) चालणारा एक जुना गेम आहे. त्यात पॉज करून ठराविक बटणं दाबली की कोपऱ्यात आकडे उमटतात आणि पात्र हललं की तेही बदलतात. हा चाचणीसाठी लिहिलेला आणि काढायचा राहून गेलेला डीबग कोड असणार, कारण दर वेळी अगदी तसंच घडतं. १९८६च्या ‘ग्रॅडियस’मधला प्रसिद्ध कोनामी कोडही (ठराविक क्रमाने बटणं दाबायची युक्ती) चाचणी सोपी व्हावी म्हणूनच घातला होता. त्याचं काही नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. खेळता खेळता मध्येच जमिनीच्या जागी अक्षरांचे तुकडे दिसू लागतात, कधी पात्राचं डोकं गायब होतं. पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, काही दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. एखादी पिन नीट टेकली नाही तर मेमरीतली जागा सांगणाऱ्या पत्त्यातला एक बिट (० किंवा १) चुकतो आणि कन्सोल भलतंच चित्र उचलतो, इथवर समजलं. पण रॅम (तात्पुरती मेमरी) आधीचे आकडे साफ न करताच वापरणारा कोडही असाच लहरी वागतो ना?

मग दोष नेमका कुठे, हे कसं ओळखायचं? एम्युलेटरवर (कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) हा दोष दिसला नाही, पण बरेच एम्युलेटर रॅम ठराविक आकड्यांनी भरून सुरुवात करतात, त्यामुळे ती खात्री वाटत नाही. कार्ट्रिज उघडायची भीती वाटते, आतल्या बॅटरीवर जुने सेव्ह आहेत. ते न गमावता तपासायची पद्धत कुणाला माहीत असेल तर कृपया सविस्तर सांगा.