आजीशिवाय म्हैस पान्हा सोडत नाही, काय करू?

तापीकाठ:
आम्ही चोपडा तालुक्यातले. घरी दोन म्हशी, एक गाय, सात शेळ्या. बारावीची परीक्षा झाल्यापासून शेण, कुट्टी, पाणी माझ्याकडे आहे, धारा मात्र आजीच काढायची. सोमवारी ओट्यावरून पाय घसरला आणि तिचं उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. मोठी म्हैस गाभण आहे, आटलेली. गाय माझ्या हाताला येते. पण चंद्री (दुसरं वेत, व्यायला तीन महिने) पारडू लावलं की पान्हावते, पारडू ओढून मी खाली बसलो की दूध चोरते. सकाळी साडेचार लिटर द्यायची, आता जेमतेम दीड. कास तट्ट राहते, बघवत नाही.

शेजारचे काका म्हणाले, औषधाची बाटली आणून देतो, सुई टोच, दोन मिनिटांत पान्हा. आजीने ते ऐकलं आणि रडायला लागली. ढेपेची (पेंडीची) गोणी डेअरीच्या पैशांवरच येते, त्यामुळे मी दोन्हीकडून अडकलोय. सुईशिवाय मार्ग आहे का?

रावेरची ताई:
भाऊ, आजी बरोबर आहेत. सुईची सवय लागली की म्हैस सुईशिवाय पान्हावतच नाही. म्हशीच्या कासेत खालच्या बाजूला तयार दूध शंभरात पाचेक भागच असतं, बाकी सगळं वर बारीक पिशव्यांत. पान्हा आल्याशिवाय ते उतरत नाही. गाईचं खाली बरंच जास्त असतं, म्हणून ती तुला दाद देते. आणि जनावर बिचकलं की पान्हा तिथंच थांबतो.

आजीला गोठ्यात चंद्रीच्या तोंडाशी बसव. त्या धार काढताना जे बोलायच्या तेच बोलू दे. त्यांचं वापरातलं लुगडं खांद्यावर घे. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा मी महिनाभर त्यांचंच लुगडं गुंडाळून धारेला बसत होते. भिजवलेली ढेप आधी टाकू नको, बसताना पुढ्यात ठेव. कास कोमट पाण्याने धू, दोनेक मिनिटं चोळ. पान्हा आला की पाच-सात मिनिटांत उरक, मध्ये उठू नको. अंगठा मुडपून काढत असशील तर सोड ते, सड दुखतो. पूर्ण मुठीने काढ.

पारोळेकर:
मी जनावरांच्या दवाखान्यात काम करतो. दूध वाढवायला अपायकारक सुई टोचणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे, काकांना सांगा. मला काळजी वेगळीच वाटते. दूध कासेत राहिलं की दगडीचा (कास सुजण्याचा) धोका. रोज पहिल्या चार धारा काळ्या कापडावर काढून बघा. गुठळ्या दिसल्या, सड गरम किंवा कडक लागला तर वाट न बघता १९६२ या जनावरांच्या मदत क्रमांकावर फोन करा. उरलेलं दूध पारडूला पिऊ द्या, कास मोकळी होते. आणि सध्याचं ऊन! म्हशीला घामाच्या ग्रंथी कमी, त्यात काळी कातडी. दुपारी दोनदा अंगावर पाणी टाका, ओलं गोणपाट ठेवा. धारेची वेळ चुकवू नका.

तापीकाठ (पाच दिवसांनी):
पहिले दोन दिवस काहीच फरक नव्हता. तिसऱ्या संध्याकाळी आजी खाटेवर बसून डाव्या हाताने चंद्रीच्या गळ्याखाली खाजवत होती आणि ‘हो माय, हो माय’ म्हणत होती. इतके दिवस मी तिथंच शेण भरायचो, पण ती हे दर धारेला म्हणते हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. चंद्रीने मान खाली घातली, रवंथ सुरू केला आणि सड भरले. आज सकाळी साडेतीन लिटर. गुठळ्या नाहीत. काकांनाही बाटली नको म्हणून सांगितलं.

अजून एक विचारतो. मोठी म्हैस आषाढात विणार. तिला पहिल्यापासून माझा हात लावू का?

रावेरची ताई:
लाव, आणि आत्तापासून रोज कासेवरून हात फिरव म्हणजे ती बुजणार नाही. व्यायल्यावर पहिल्या तासाभरात पारडूला चीक (पहिलं दाट दूध) पाज. दिवसभरात त्याच्या वजनाच्या दहाव्या भागाइतका पोटात गेला पाहिजे, थोडा थोडा करून. आजी जवळ असतीलच, किती पाजायचा ते त्यांना विचार.