अनुभव धागा: कॉम्प्युटरवरचा 'स्पायडर-मॅन २' कोणकोण खेळलंय?

सातारा-सांगलीकर मंडळी, या! विषय २००४ चा गेम. चित्रपट एक, नाव एक, पण गेम दोन. प्लेस्टेशन २ वरचा ट्रेआर्क कंपनीने केलेला: अख्खं मॅनहॅटन मोकळं, जाळं खरोखर समोरच्या इमारतीला चिकटायचं. कॉम्प्युटरवरचा फिझ फॅक्टरने लहान पोरांना झेपेल असा केलेला, सुटसुटीत म्हणून. पहिल्याचं आजही कौतुक होतं, दुसऱ्याला लोकांनी धू धू धुतला. आपल्याकडे प्लेस्टेशन होतं किती घरांत? तेव्हा वाट्याला कुठला आला ते सांगायला नको. होऊ द्या मन मोकळं.

समर्थ मंदिरवाला (सातारा)
जाळं टाकायच्या जागा ठरलेल्या. हवेत खूण दिसली तर क्लिक करायचं. खूण नाही तर जाळं नाही, मग समोर पन्नास मजली इमारत असली तरी. स्पायडर-मॅन कसला, आपली एसटी होती ती, थांबा असेल तिथंच थांबणार!

विश्रामबागकर
दिवाळीला पुण्याच्या आत्तेभावाकडे गेलो. त्याच्याकडे प्लेस्टेशन. हा गडी रस्त्यावरनं उडाला तो थेट गच्चीवर, तिथनं पुढच्या कोपऱ्यावर, आणि मध्येच पिझ्झा पोचवायचं काम! पिझ्झा सांडू नये म्हणून झोके जपून घ्यायचे, वेळ संपत आलेली, वर ते चिडवल्यासारखं संगीत. मी विचारलं, "दादा, हा कुठला भाग?" म्हणाला, "तुझ्याकडे आहे तोच की." मला एक डाव देईल तर शपथ. सांगलीत परत आल्यावर आमची सगळी गँग सीडीवाल्याच्या दुकानात. "काका, तुम्ही कापलेली सीडी दिली!" ते बिचारे आईची शपथ घेऊन सांगत होते की गेमच तेवढा आहे. कोण ऐकतंय? शेवटी त्यांनी वैतागून एका रेसिंग गेमची सीडी फुकट दिली, तेव्हा कुठं हटलो.

कॅफेवाले काका (पोवई नाका)
आता गिऱ्हाईकाच्या बाजूनं नाही, गल्ल्याच्या बाजूनं सांगतो. मोठी पोरं पोस्टर बघून यायची, जरा वेळ खेळायची आणि "काका, काउंटर-स्ट्राइक लावा". पण बारकी पोरं घेऊन कुणाची आई आली की हाच गेम कामाला यायचा. सहा-सात वर्षांचं पोरगं माउस धरून आपलं आपण पुढं जायचं. कोपऱ्यातल्या मशीनवर मी तो मुद्दाम ठेवला होता. तुम्ही सगळे त्याला शिव्या घालताय, पण तो तुमच्यासाठी नव्हताच रे!

कुपवाड_बॉय
काकांना +१. मला लई आवडायचा. दुसरा कुठला असतो हेच माहीत नव्हतं.

इस्लामपूरची
आमच्याकडे खरा व्हिलन ऑक्टोपस नव्हता, भारनियमन होतं. यूपीएस टीं टीं करायला लागला की धाकटा भाऊ रडायला सुरुवात करायचा.

कराडचा कोडर
चित्रपट जूनअखेर येणार म्हटल्यावर गेमही तेव्हाच बाजारात हवा, हे नेहमीचं कारण. पण ते अर्धंच खरं. ट्रेआर्कलाही तीच तारीख होती! तिथले डिझायनर जेमी फ्रिस्ट्रम यांनी जाळ्याच्या झोक्याचा पिच्छा पुरवला, म्हणून तो गेम उभा राहिला. उलट २००६ चा 'सुपरमॅन रिटर्न्स' बघा. चित्रपट जूनमध्ये, गेम नोव्हेंबरमध्ये, तरी आपटला. सुपरमॅनला इजा होत नाही म्हणून शहरालाच जीवनपट्टी (किती जीव उरलाय ते दाखवणारी पट्टी) दिली. कल्पना झकास, पण करायला काय? तेच तेच रोबो ठोका, आणि शेवटची लढाई चक्क चक्रीवादळाशी. त्यापेक्षा आपला खुणांवर लटकणारा बरा.

विश्रामबागकर
बरा?? कराडकर, ओ, जरा दमानं.

समर्थ मंदिरवाला (सातारा)
ते जाऊ दे. सीडी अजून कुणाकडे आहे का? पोरगं सात वर्षांचं झालंय.