मदत हवी आहे : रॉक स्लायडर वेल्ड करावेत की बोल्टने कसावेत?

चोरलकाठ
नमस्कार मंडळी. गाडीला रॉक स्लायडर (गाडी दगडावर टेकली तर दाराखालचा भाग वाचवणारे, दोन्ही बाजूंचे जाड पाइप) बसवायचे ठरले आहे आणि इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एका फॅब्रिकेटरने येत्या शनिवारची वेळ दिली आहे. जुने धागे वाचून झाले आहेत आणि त्यांत प्रत्येकाने निराळेच सांगितले आहे, त्यामुळे ‘आधी शोधून पाहा’ असे कृपया कोणी सुचवू नये. प्रश्न दोनच आहेत. स्लायडर वेल्ड करावेत की बोल्टने कसावेत, आणि पाइप कोणता घ्यावा? फॅब्रिकेटरच्या मते दीड इंची पाइप पुष्कळ झाला. दोन्ही बाजूंचे मिळून बावीस हजार रुपये होतील आणि गाडी संध्याकाळपर्यंत हातात मिळेल. तयार संच मागवला तर तो येईपर्यंत पावसाळा सुरू होईल. ज्यांनी प्रत्यक्ष बसवून घेतले आहेत त्यांनीच उत्तर द्यावे, ही विनंती.

पायवाट
गाडी कोणती ते लिहायचे राहिले आहे. चासीवर बॉडी ठेवलेली गाडी असेल तर एक उत्तर, आणि चासी वेगळी नसलेली शहरी एसयूव्ही असेल तर संपूर्ण निराळे उत्तर. गाडी नेमकी कुठे चालवता, हेही सांगावे. वाळूत आणि चिखलात फिरणाऱ्याला स्लायडरचे वजन वागवण्याचे कारण नसते.

रबरप्रेमी
स्लायडरवर बावीस हजार घालण्यापेक्षा आधी टायर बदला. मोठे ऑल-टेरेन टायर घातले की गाडी उचलली जाते आणि दगड खाली लागतच नाहीत. मी तेच केले आहे आणि मला स्लायडरची गरज कधी भासली नाही.

पायवाट
टायरचा व्यास जेवढा वाढतो त्याच्या निम्मीच गाडीची उंची वाढते. दोन इंच मोठा टायर घातला तर गाडी एका इंचाने वर येते, आणि तेवढ्यासाठी टायर कुठे घासतो, स्पीडोमीटर किती कमी दाखवतो, हे सगळे पाहावे लागते. शिवाय धागाकर्त्यांनी टायरबद्दल विचारलेलेच नाही.

चोरलकाठ
मारुतीची जिमनी आहे, माझ्या प्रोफाइलवर छायाचित्र दिसतेच. चालवणे बहुतेक चोरलच्या पात्रात आणि पाताळपाणीच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर होते. सध्या गाडी घेताना शोरूममध्ये बसवून दिलेली पायरी आहे. गेल्या हिवाळ्यात एका गोट्यावर गाडीचे पोट टेकले, ती पायरी वर दबली आणि मागच्या दाराच्या खालच्या कडेला जाऊन भिडली. तेव्हापासून दार उघडताना पत्र्यावर पत्रा घासल्याचा आवाज येतो. म्हणूनच स्लायडर हवे आहेत. आता कृपया मूळ प्रश्नाकडे यावे.

रेवातीर
मूळ प्रश्नाकडेच येते, पण त्याच्या आधी एक प्रश्न मला विचारावा लागेल : तुमचा फॅब्रिकेटर स्लायडर गाडीच्या कोणत्या भागाला जोडणार आहे? पाइप कितीही जाड असला तरी तो दाराखालच्या पत्र्याला जोडला असेल, तर तुमच्याकडे आज आहे त्याच पायरीची जड आवृत्ती तयार होईल.

जिमनीची गरज मला पटते. भारतात २०२३ साली आलेल्या पाच दारांच्या जिमनीचा व्हीलबेस २५९० मिलिमीटर आहे; तीन दारांच्या गाडीचा २२५० आहे. खालची मोकळीक दोन्हींची २१० मिलिमीटरच, पण दोन चाकांमधले अंतर वाढल्याने पोट टेकण्याचा कोन २८ अंशांवरून २४ अंशांवर आला आहे. चोरलच्या पात्रातल्या काळ्या पाषाणाच्या गोट्यांवरून पुढचे चाक उतरले की मधला भाग दगडावर बसतो, तो यामुळेच.

चोरलकाठ
ताई, दाराखाली जी पत्र्याची उभी पट्टी असते, जिथे पंक्चर काढताना जॅक लावतात, तिथेच तो जोडणार आहे असे म्हणाला. शिवाय दोन पाय चासीला देणार आहे. त्यात अडचण काय?

रेवातीर
अडचण हीच आहे. बॉडी चासीवर रबरी माउंटवर ठेवलेली असते आणि आडव्यातिडव्या वाटेवर चासी व बॉडी दोन्ही थोड्या वेगवेगळ्या हलतात. स्लायडर एकाच वेळी दोन्हींना जोडला तर प्रत्येक पिळाला तो बॉडीचा पत्रा ओढेल, आणि दगडाचा मार बसला की तो मार चासीकडे जाण्याऐवजी थेट दाराच्या चौकटीत जाईल. स्लायडर फक्त चासीला जोडला पाहिजे आणि त्याच्या वरच्या कडेत व दाराखालच्या पट्टीत बोटभर जागा राहिली पाहिजे. त्याचबरोबर तो पट्टीच्या फार खालीही लोंबू नये, नाही तर आधीच कमी असलेला तो कोन आणखी कमी होतो.

एका बाजूला चार पाय मागा, निदान तीन. गाडीचे वजन बाराशे किलोच्या आसपास आहे. एक बाजू पूर्ण दगडावर टेकली तर सहाशे किलो, आणि आदळून टेकली तर त्याहून बरेच अधिक. हे वजन चासीपासून बाहेर आलेल्या पायाच्या टोकाला लागते, त्यामुळे पाय चासीला पिळायला पाहतो. म्हणून पायाच्या मुळाशी चासीची उंची व्यापणारी, निदान पाच मिलिमीटर जाडीची पट्टी हवी. नुसता पाइपाचा तुकडा चासीला टेकवून वेल्ड मारलेला काही उपयोगाचा नाही.

जुना_गॅरेजवाला
ताई म्हणतात ते चासीबद्दल खरे आहे, परंतु बोल्टच्या नादी लागू नये असे माझे स्पष्ट मत आहे. बोल्ट ढिले होतात, भोके लांबट होतात आणि मग स्लायडर खडखडतो. आधी चासीवर पट्टी आडव्या रेघांनी वेल्ड करावी, पट्टीची टोके निमुळती ठेवावीत, वेल्डची उभी रेघ चासीला वरून खाली कापत जाणार नाही याची काळजी घ्यावी, आणि मग त्या पट्टीवर पाय वेल्ड करावेत. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी आणि अर्थिंगचा क्लॅम्प कामाच्या जागेला लागूनच लावावा. अशा पद्धतीने केलेले काम आयुष्यभर हलत नाही.

रेवातीर
पट्टी आडवी वेल्ड करण्याबद्दल आणि क्लॅम्पबद्दल आपण लिहिले ते अगदी बरोबर. पण दोन गोष्टी सुटल्या. चासीच्या कडेने ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या व तारा गेलेल्या असतात. त्या बाजूला न करता संध्याकाळपर्यंत गाडी देण्याच्या घाईत वेल्ड मारणारा माणूस मला माझ्या गाडीजवळ नको. दुसरे म्हणजे, बंद पेटीसारख्या चासीवर बाहेरून वेल्ड केले की आतला रंग जळतो आणि तिथे ब्रश पोहोचत नाही. बाहेर आपण रंग लावून समाधान मानतो, पण गंज आतून सुरू होतो.

जुना_गॅरेजवाला
आत फवारायला लांब नळीचे गंजरोधक मेण मिळते, मी तेच वापरत आलो आहे. आणि बोल्टसाठी चासीला भोके पाडली की तिथेही गंज येतोच, त्याचे काय?

पायवाट
दोघांचेही म्हणणे खरे मानले तरी धागाकर्त्यांचा फॅब्रिकेटर यातले काय करणार, हा खरा प्रश्न आहे. निष्णात वेल्डरचे वेल्डिंग उत्तमच असते, पण ‘संध्याकाळी गाडी घेऊन जा’ म्हणणाऱ्याकडून बोल्टचे काम करून घेणे अधिक सुरक्षित, कारण ते चुकले तर काढता येते.

भोके पाडायची असतील तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. पेटी चासीतून आरपार बोल्ट घालून कसला तर दोन्ही भिंती आत दबतात आणि बोल्ट कधीच नीट आवळला जात नाही. भोक बाहेरच्या बाजूने मोठे करून आत जाड नळीचा तुकडा घालावा, म्हणजे ताण त्या तुकड्यावर येतो. भोकाच्या कडांना रंग लावूनच बोल्ट घालावा. चासीवर आधीची भोके सोयीच्या जागी मिळाली तर उत्तम. अन्यथा यू-बोल्ट आणि पट्टीने चासी मिठीत धरणे हा तिसरा मार्ग आहे, पण मग घसरू नये म्हणून निदान एक आरपार बोल्ट लागतोच.

बडोदेकर
इथे सगळे गोल पाइपावरच का अडले आहेत, ते समजत नाही. मही नदीच्या कोतरांत (घळींत) फिरणारी माझी गाडी चौकोनी पाइपाच्या स्लायडरवर चालते. ५० बाय ५० चा चार मिलिमीटरचा चौकोनी पाइप आणि ४८.३ व्यासाचा चार मिलिमीटरचा गोल पाइप घेतला, तर वजन साधारण सव्वापट होते, पण वाकण्याला विरोध पावणेदोनपटीच्या घरात जातो. पाय वेल्ड करायला सपाट बाजू मिळते आणि पाइप वाकवण्याचे यंत्र लागत नाही. तुम्ही सरळ चौकोनी घ्या.

जुना_गॅरेजवाला
चौकोनी पाइप दगडावर सरकत नाही, कोपऱ्याने अडतो. स्लायडर हे सरकण्यासाठी असते, हे नावातच आहे.

बडोदेकर
कोपरे गोलसर असतातच, आणि पुढचे टोक तिरपे कापून बंद केले की अडण्याचा प्रश्न येत नाही. महीच्या काठावर एकदा येऊन पाहावे, हे आग्रहाचे निमंत्रण.

चोरलकाठ
कृपया निमंत्रणे खासगी निरोपातून द्यावीत. मला शुक्रवारपर्यंत फॅब्रिकेटरला कळवायचे आहे. ‘दीड इंची पाइप’ एवढे सांगितले तर पुरेल का?

रेवातीर
पुरणार नाही, कारण दीड इंची हे पाइपाचे नाममात्र माप आहे. त्याचा बाहेरचा व्यास ४८.३ मिलिमीटर असतो, पण जाडी श्रेणीनुसार बदलते. खुर्च्या-टेबलांच्या कामाचा दीड-दोन मिलिमीटरचा पाइप दाखवूनही तो दीड इंचीच म्हणेल. पाण्याच्या काळ्या पाइपांतला ‘सी क्लास’, म्हणजे जाड श्रेणीचा, मागा. त्याची जाडी चार मिलिमीटरच्या आसपास असते आणि वजन मीटरला सुमारे साडेचार किलो. सीमलेस (लांबीला सांधा नसलेला) मिळाला तर अधिक चांगला. गॅल्व्हनाइज्ड पाइप मात्र घेऊ नका : वेल्ड करताना जस्ताचा धूर निघतो, तो वेल्डरला घातक असतो आणि सांध्याचीही खराबी करतो. मुख्य पाइप आणि बाहेरचा समांतर पाइप, मधले तुकडे, पाय आणि पट्ट्या धरून एका बाजूचे वजन वीस-पंचवीस किलोच्या दरम्यान येईल. प्रत्यक्ष तोलून पाहा. बारा किलो भरले तर कुठेतरी पातळ पाइप आला आहे असे समजा.

नियमपान
सर्वांनी तांत्रिक बाजू मांडली, परंतु कायद्याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून वेगळा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम काटेकोरपणे वाचले आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकतात. बुलबारवर (पुढच्या बंपरवर बसवायच्या संरक्षक पाइपांवर) केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाई करायला सांगितले होते, हेही ध्यानात असावे. वॉरंटीचा प्रश्न वेगळाच.

चोरलकाठ
मी कायदा विचारला नव्हता, तरी माहितीबद्दल आभार. यामुळे वेल्डचा पर्याय मात्र माझ्यासाठी बाद झाला. गाडी अजून वॉरंटीत आहे आणि जे बसवीन ते पान्याने काढता आले पाहिजे.

जुना_गॅरेजवाला
हे तुम्ही पहिल्याच प्रतिसादात लिहिले असते तर माझे अर्धे टंकन वाचले असते. असो. चासीला भोक पाडले तरी वॉरंटीवाले तेवढेच नाक मुरडतात, त्यामुळे आधीची भोके शोधा.

काळीमाती
एक गोष्ट इंदूरच्या बाहेरच्यांना सुचणार नाही, म्हणून लिहितो. पावसाळ्यात सिमरोलच्या पुढे शेतवाटेने गेलात की माळव्याची काळी माती चाकांतून उडून स्लायडर आणि बॉडी यांच्यामधल्या फटीत ठासून बसते. दोन दिवसांत ती विटेसारखी वाळते, आतून मात्र ओलीच राहते. माझ्या गाडीत दोन पाइपांच्या मध्ये चेकर प्लेट (उठावदार नक्षीचा जाड पत्रा) वेल्ड करून दिली होती, उद्देश पाय ठेवायला सोय व्हावी हा होता. त्या प्लेटखालचा रंग एकाच मोसमात फुगून पापुद्र्यासारखा निघाला. पाय ठेवायला हवे असेल तर जागोजागी मोठी भोके असलेली पट्टी सांगा, आणि पाइपांची टोके बंद करून खालच्या अंगाला पाणी निथळायला बारीक भोके ठेवा.

रंगाबाबतही सांगतो. पावडर कोटिंग दिसायला सुंदर, पण पहिल्याच दगडाला ते टवका होऊन निघते आणि पाणी उरलेल्या थराखाली शिरते. साधा प्राइमर आणि काळा एनॅमल लावला तर प्रत्येक फेरीनंतर घरी ब्रश फिरवता येतो.

रबरप्रेमी
खाली पूर्ण अंडरबॉडी कोटिंगच करून घ्या, म्हणजे सगळेच प्रश्न मिटतील.

पायवाट
ताजे कोटिंग असेल तर पट्टी आणि चासी यांच्यामध्ये तो मऊ थर येतो आणि तो दबला की बोल्ट ढिले होतात. कोटिंग करायचेच तर स्लायडर बसल्यानंतर करावे.

चोरलकाठ
आज फॅब्रिकेटरकडे गाडी नेऊन खाली शिरून पाहिले. चासीच्या बाहेरच्या बाजूला आधीची काही भोके आहेत, पण ती सगळ्या पायांना पुरत नाहीत. डाव्या बाजूला, जिथे मधला पाय यायला हवा, त्याच्या मागून धातूच्या दोन बारीक नळ्या क्लिपमध्ये बसवलेल्या जाताना दिसल्या. तो म्हणाला की ड्रिल जपून मारू. दाराखालच्या पट्टीचा बेत त्याने सोडला आहे आणि चार पायांना तयार आहे; पाइप मी आणून द्यायचा आणि तो मजुरी घेणार. शनिवारी काम करावे का?

रेवातीर
त्या नळ्या मागे असताना ‘जपून’ ड्रिल मारता येत नाही. त्या ब्रेकच्या आहेत की इंधनाच्या, हे माहीत असलेला मेकॅनिक आधी त्या क्लिपमधून सोडवून बाजूला बांधून देईल, मग ड्रिल. त्याला शनिवारी वेळ नसेल तर त्या दिवशी फक्त पाइप कापून, वाकवून आणि पाय वेल्डच्या तात्पुरत्या टाक्यांवर धरून घ्या. वाकवताना डाय (पाइपाच्या मापाचा साचा) असलेला बेंडरच वापरायला सांगा. वळणावर पाइप चपटा झाला असेल तर तो तुकडा परत करा.

रंग लावण्याच्या आधी एक चाचणी आवश्यक आहे. स्लायडर चासीला पूर्ण कसून, बाहेरच्या पाइपाखाली मधोमध जॅक लावा आणि त्या बाजूची चाके जमिनीवरून सुटेपर्यंत गाडी उचला. खाली कोणी शिरायचे नाही. दाराखालची ती बोटभर फट मिटत असेल किंवा दार अडकत असेल तर पाय कमी पडतात. तसेच असले तर तिरपे टेकू द्या. खाली उतरवल्यावर फट पुन्हा पहिल्याइतकी व्हायला हवी.

जुना_गॅरेजवाला
चाचणीबद्दल सहमत. बोल्ट १२ मिलिमीटरचे घ्या आणि नट नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले, सहज ढिले न होणारे). सियागंजच्या बाजारात बोल्ट घेताना डोक्यावर ८.८ ही मजबुतीची श्रेणी कोरलेली आहे का ते पाहूनच घ्या, वजनावर विकले जाणारे साधे बोल्ट इथे चालत नाहीत. पहिल्या दगडी फेरीनंतर सगळे पुन्हा आवळा, आणि आवळल्यावर नट व पट्टी यांच्यावरून रंगाची एक रेघ ओढून ठेवा, म्हणजे कोणता नट फिरला ते खाली वाकूनही कळते.

चोरलकाठ
मेकॅनिक सोमवारी मोकळा आहे, त्यामुळे शनिवारी फक्त कापणे-वाकवणे करून घेतो. ‘सी क्लास’ पाइप सियागंजलाच मिळेल की लोहामंडीत जावे लागेल, एवढे कोणी सांगेल का?

काळीमाती
लोहामंडीत जा, आणि पाइपाची जाडी मोजायला सोबत व्हर्नियर न्या.